बिल पूर्ण फिटत असेल तरच कार्ड

क्रेडिट कार्डाच्या मासिक बिलावर देय रकमेचे दोन आकडे छापलेले असतात. एक एकूण देय रकमेचा, दुसरा किमान देय रकमेचा. समजा, पहिला आकडा ५०,००० आहे आणि दुसरा २,५००. नुकती नोकरी लागलेल्या, महिन्याला पंचवीस-तीस हजार हातात पडणाऱ्या मुलाला किंवा मुलीला यांतला कोणता आकडा जवळचा वाटेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. ‘या महिन्यात मिनिमम भरून टाकतो, बाकीचं पुढच्या महिन्यात बघू,’ हे वाक्य आज पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या कुठल्याही ऑफिसात ऐकू येते. तरुणांच्या कर्जाविषयी बोलताना वडीलधारी मंडळी सगळे लक्ष खर्चावर ठेवतात. एवढा महाग फोन कशाला, गोव्याची सहल कशाला, रोज बाहेरचे खाणे कशाला, असे त्यांचे प्रश्न असतात. प्रश्न गैर नाहीत, पण मुद्दा त्यांच्या पलीकडे आहे. कार्ड जबाबदारीने वापरले की नाही, हे काय विकत घेतले यावरून ठरत नाही. शेवटच्या तारखेच्या आत बिल पूर्ण भरले की नाही, यावरून ते ठरते. कार्डावर फोन घेऊन बिल पूर्ण भरणारा मुलगा सुरक्षित आहे, आणि कार्डावर महिन्याचा किराणा भरून दरमहा फक्त किमान रक्कम भरणारी मुलगी धोक्यात आहे. ही रेषा शोधायचे काम आपण एकट्या बावीस वर्षांच्या मुलांवर सोपवले आहे. ती आखण्याची जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकांवर आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या रिझर्व्ह बँकेवर टाकली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी हिशोब पाहू, कारण या विषयात उपदेशापेक्षा हिशोबच जास्त सांगून जातो. भारतात बऱ्याच क्रेडिट कार्डांवर थकीत रकमेचे व्याज महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के असते, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के. घराच्या किंवा गाडीच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही. कार्डाच्या व्याजावर मात्र १८ टक्के लागतो. पावणेचार टक्क्यांवर हा कर चढला की महिन्याचा खरा बोजा ४.४२ टक्क्यांच्या आसपास जातो. आता वरचेच ५०,००० चे बिल घ्या. कार्डधारकाने त्या दिवसापासून कार्ड कपाटात ठेवून दिले, एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही आणि दरमहा बाकीच्या ५ टक्के एवढी किमान रक्कम अगदी वेळेवर भरली, असे धरू. पहिल्या महिन्यात २,५०० भरल्यावर ४७,५०० उरतात. त्यांवर व्याज आणि कर मिळून सुमारे २,१०० रुपये चढतात आणि पुढचे बिल येते ते ४९,६०० चे. अशा रीतीने वर्षभर नेमाने भरत राहिल्यास खिशातून २८,७०० च्या आसपास रुपये जातात आणि बाकी उरते ती ४५,४०० च्या आसपास. म्हणजे जवळपास एकोणतीस हजार देऊन कर्ज उतरले साडेचार-पावणेपाच हजारांनी. याच गतीने बाकी निम्म्यावर यायला सात वर्षांहून अधिक काळ लागतो. हा हिशोबही सौम्यच आहे, कारण खरेदीच्या दिवसापासून पहिल्या बिलापर्यंतचे व्याज मी त्यात धरलेले नाही. काही बँका किमान रकमेत व्याज आणि कर पूर्ण वसूल करून वर मुद्दलाचा काही भाग घेतात. तिथे बाकी लवकर उतरते, पण दरमहा भरायचा आकडाही त्या प्रमाणात फुगतो. आणि या सगळ्या काळात हा माणूस बँकेच्या लेखी थकबाकीदार नसतो. त्याने ‘वेळेवर’ पैसे भरलेले असतात, त्याला दंड लागत नाही, वसुलीचा फोन येत नाही. आपले काही बिघडले आहे हे त्याला कळावे, असे काहीच घडत नाही.

कार्डाच्या जाहिरातीत पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी उधारीचे आश्वासन ठळकपणे असते. ते खोटे नाही, पण त्याला एक अट आहे. मागच्या बिलातली बाकी उरली की ही बिनव्याजी मुदत थांबते. थकलेल्या रकमेवर व्याज मोजले जाते ते शेवटच्या तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून. शिवाय नवी खरेदीही पहिल्या दिवसापासून व्याजाखाली येते. मागची बाकी असताना सोमवारी भरलेल्या पेट्रोलवर सोमवारपासूनच व्याज चालू होते, हे कार्ड वापरणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल? कार्डावर एटीएममधून रोख काढली तर मुदतीचा प्रश्नच येत नाही, व्याज त्याच दिवशी सुरू होते आणि वर शुल्क वेगळे लागते. ‘नो कॉस्ट ईएमआय’ची गोष्टही अशीच. शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज असतेच. ते कुणीतरी सवलतीच्या रूपाने आधी वळते करून घेतलेले असते, आणि त्या व्याजावरचा जीएसटी व प्रक्रिया शुल्क बहुतेक वेळा ग्राहकाच्याच बिलात येऊन बसते. शिवाय हा हप्ता बिलाचाच भाग असतो. असे तीन-चार हप्ते चालू असले की पगाराच्या दिवशी बिल पूर्ण भरणे हळूहळू आवाक्याबाहेर जाते, आणि मग नजर दुसऱ्या आकड्याकडे वळते.

महाराष्ट्राला व्याजाचा इतिहास नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली आणि ते लोण पुणे-अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. इंग्रज सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्याआधीपासून या प्रदेशात दामदुपटीचा नियम होता. व्याजाची थकबाकी मुद्दलाच्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे एका वेळी मुद्दल आणि व्याज मिळून दुपटीपेक्षा अधिक वसूल करायचे नाही, असा तो दंडक. सावकार लबाड असतो आणि कर्जदार गरजू असतो, एवढ्यावर न थांबता व्याजाला कुठेतरी छत हवे, हे या समाजाने फार पूर्वी ओळखले होते. स्वतंत्र महाराष्ट्रातही तोच विचार पुढे आला. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानंतर राज्य सरकारने परवानाधारक सावकारांसाठी दर ठरवून दिले: शेतकऱ्यांना तारणावर ९ टक्के, विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. तालुक्याच्या गावातल्या परवानाधारक सावकाराने बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्जावर १८ टक्क्यांहून जास्त व्याज लावले तर तो कायदा मोडतो. त्याच गावातल्या तरुणाच्या कार्डावर ४५ टक्के लागतात आणि ते पूर्णपणे कायदेशीर असते. सावकाराला आपण समाजाचा शत्रू ठरवले. कार्डाच्या व्याजाकडे मात्र आधुनिक जीवनाची किरकोळ किंमत म्हणून पाहतो.

हा फरक योगायोगाने पडलेला नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २१अ प्रमाणे, बँकेने लावलेले व्याज फार जास्त आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाला ते कर्ज पुन्हा उघडून तपासता येत नाही. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने, कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय दिला होता. बँका त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दर किती असावा हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, आयोगाने त्यात पडू नये, असा त्या निकालाचा रोख होता. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबरही असेल. पण मग रिझर्व्ह बँकेचे म्हणणे काय? तिने बँकांना अवाजवी व्याज लावू नका असे बजावले आहे, मात्र कमाल दराचा आकडा ठरवून दिलेला नाही. सोळा वर्षे चाललेल्या या वादानंतर आज स्थिती अशी आहे की न्यायालये दराला हात लावू शकत नाहीत आणि ज्या संस्थेला लावता येतो ती तो बाजारावर सोडते. अशा वेळी ग्राहकापाशी एकच संरक्षण उरते, ते म्हणजे व्याजाच्या वाटेलाच न जाणे.

ते वाटते तितके सोपे नाही, कारण उधारी आता जाणवेनाशी झाली आहे. पतसंस्थेतून कर्ज काढायचे तर अर्ज करावा लागतो, दोन जामीनदार शोधावे लागतात, आणि ते जामीनदार म्हणजे ओळखीचेच लोक असल्याने कर्ज कशाला हवे हे त्यांना सांगावे लागते. त्या सोपस्कारांत वेळ जातो आणि थोडा संकोचही वाटतो. त्या संकोचाने अनेक अनावश्यक कर्जे अडवली, हे आपण विसरतो. कार्डाने हे सगळे टप्पे पुसून टाकले. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. त्यामुळे चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड स्कॅन करताना पैसे आपल्या बचत खात्यातून जात आहेत की उधारीतून, हे ठरते ते पडद्यावरच्या एका ओळीवरून. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या चालू क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्येच रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहककर्जांसाठी बँकांनी बाजूला ठेवायच्या भांडवलाचे निकष कडक केले होते. बँकांच्या तब्येतीची ही काळजी योग्यच होती. डिसेंबर २०२४ च्या वित्तीय स्थैर्य अहवालात रिझर्व्ह बँकेने आणखी एक गोष्ट नोंदवली. क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्ज घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांच्या नावावर त्याच वेळी दुसरेही कर्ज चालू असते, बहुधा घराचे किंवा गाडीचे. छोटे कर्ज थकले की त्याच बँकेतले मोठे कर्जही थकीत धरले जाऊ शकते. वीस-तीस हजारांच्या कार्डापायी चाळीस लाखांच्या घराच्या कर्जावर डाग लागू शकतो, असा त्याचा अर्थ.

किमान रक्कम ग्राहकाला महाग पडते हे रिझर्व्ह बँकेला ठाऊक नाही, असे म्हणता येणार नाही. तिच्या २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत स्पष्ट म्हटले आहे की दरमहा किमान रक्कमच भरत गेल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल आणि व्याज चढत जाईल, असा इशारा बिलावर छापला पाहिजे. किमान रक्कम भरूनही बाकी वाढतच राहील अशी ती ठरवू नये, न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावू नये, ग्राहकाने मागितल्याशिवाय कार्ड देऊ नये, त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवू नये, हेही त्यात आहे. हे नियम चांगले आहेत आणि त्यांचे श्रेय दिलेच पाहिजे. पण बिलावरचा इशारा सगळ्यांना एकच आहे. ‘तुझ्या या बाकीवर, या दराने, तू असाच भरत राहिलास तर इतके महिने लागतील आणि इतके रुपये जातील,’ असे तो सांगत नाही. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्यापासून हा वैयक्तिक हिशोब बिलावर द्यावा लागतो, आणि तीन वर्षांत कर्ज संपवायचे तर दरमहा किती भरावे लागतील हेही छापावे लागते. त्याच कायद्याने २१ वर्षांखालच्या मुलांना स्वतःची परतफेडीची ऐपत दाखवल्याशिवाय किंवा सहअर्जदाराशिवाय कार्ड देण्यास मनाई केली. ब्रिटनच्या नियामकाने २०१८ पासून आणखी पुढचे पाऊल टाकले. दीड वर्षात ग्राहकाने मुद्दलापेक्षा व्याज आणि शुल्कातच जास्त पैसे भरले असतील, तर कार्ड कंपनीने त्याच्याशी स्वतःहून संपर्क साधला पाहिजे, आणि तरीही स्थिती सुधारली नाही तर कर्ज फेडण्याची झेपेल अशी वाट काढून दिली पाहिजे. भारतीय बँकांकडे हा हिशोब करणारे संगणक नाहीत, असे कुणी म्हणणार नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. नुसते बिल बदलून किंवा ऑटो-पेचा, म्हणजे खात्यातून बिल आपोआप भरले जाण्याचा, पर्याय बदलून माणसाचे कर्ज कमी होते का? ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ नील स्ट्यूअर्ट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की बिलावर किमान रक्कम छापलेली असली की, पूर्ण न भरणारे लोक एरवी भरले असते त्यापेक्षा कमी भरतात. छापलेला लहान आकडा मनाला आपल्याकडे ओढतो. मात्र पुढे त्याच देशात वित्तीय नियामकाच्या पुढाकाराने चाळीस हजारांहून अधिक ग्राहकांवर झालेल्या प्रत्यक्ष चाचणीत वेगळे चित्र दिसले. ऑटो-पेच्या पानावरून किमान रकमेचा पर्याय मागे सारल्यावर तो निवडणारे लोक घटले, पण त्यांचे एकूण कर्ज काही लक्षणीय कमी झाले नाही. खात्यात पैसेच नसतील तर पर्याय बदलून काय होणार, असा त्याचा अर्थ निघतो. मी हा पुरावा माझ्या मताच्या विरोधातला मानत नाही. ते मत अर्धवट होते, ते या पुराव्याने पूर्ण होते. ज्याला बिल पूर्ण भरता येत नाही, त्याच्याकडे मुळात इतके बिल करण्याएवढी मर्यादा आली कशी? पंचवीस हजार पगारावर लाख-दीड लाखाची मर्यादा कुणी दिली? विद्यार्थी आणि स्वतंत्र उत्पन्न नसलेल्यांच्या बाबतीत जोखमीची विशेष तपासणी करा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेतच. त्याला आकड्याची जोड हवी. आयुष्यातले पहिले कार्ड असेल तर पहिली दोन वर्षे मर्यादा हाती येणाऱ्या एका महिन्याच्या पगाराहून जास्त नसावी, आणि ऑटो-पे सुरुवातीपासून एकूण रकमेवर लावलेले असावे. ग्राहकाला ते बदलायचे असेल तर त्याने स्वतः, हिशोबाचा आकडा समोर पाहून बदलावे. मर्यादाच लहान असली की पूर्ण भरणे शक्य कोटीत राहते, आणि पूर्ण भरण्याची सवय लागली की पुढे मर्यादा वाढली तरी फारसे बिघडत नाही.

दुसरा आक्षेप घरातून येतो. कार्ड घेऊच नये, अंथरूण पाहून पाय पसरावेत, झाले. या सल्ल्यामागे अनुभव आहे, पण आजच्या परिस्थितीत तो अपुरा पडतो. अंथरूण दिसत असेल तर पाय आवरता येतात. कार्डावर ते दिसतच नाही, म्हणून तर एवढा खटाटोप. आणि पूर्ण बिल भरणाऱ्याला कार्डाचे खरे फायदे आहेत. डेबिट कार्डाचा गैरवापर झाला तर स्वतःचे पैसे आधी जातात आणि परत मिळवण्याची धावपळ मागून करावी लागते. क्रेडिट कार्डात वाद चालू असताना खात्यातली रक्कम जागेवर असते. अवेळी दवाखान्यात दाखल व्हावे लागले तर अनामत रक्कम भरायला कार्ड उपयोगी पडते. वेळेवर परतफेडीची नोंद होत गेली की पुढे घराचे कर्ज घेताना पत तयार असते. अर्थात ‘सिबिलसाठी कार्ड घ्यावंच लागतं’ ही विक्रेत्यांची धमकी मात्र मनावर घेऊ नये. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून फेटाळू नका, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितले आहे. गरज नसेल तर कार्ड न घेणाराही काही गमावत नाही.

तिसरा युक्तिवाद बँकांचा असतो. हे कर्ज विनातारण आहे, बुडण्याची शक्यता जास्त, म्हणून दर जास्त. शिवाय ग्राहक सज्ञान आहे, त्याने काय निवडावे हे आम्ही का सांगावे? जोखमीचा मुद्दा खरा आहे. पण वैयक्तिक कर्जही विनातारणच असते, आणि बऱ्यापैकी पत असलेल्या नोकरदाराला तेच बँकवाले ते पंधरा-सोळा टक्क्यांनी देतात. माणूस तोच आणि जोखीमही जवळपास तीच असताना दर तिपटीच्या घरात का जातो? उत्तर असे की वैयक्तिक कर्ज घेताना माणूस दर विचारतो, चार ठिकाणी चौकशी करतो. किमान रक्कम भरताना आपण कर्ज घेत आहोत हे त्याच्या ध्यानातच येत नाही. ज्याला व्यवहाराचे नावच सांगितलेले नाही, त्याची संमती गृहीत धरून स्वातंत्र्याच्या गोष्टी करणे मला पटत नाही. पर्याय काढून घ्या असे माझे म्हणणे नाही. तो पर्याय निवडताना किंमत रुपयांत दिसली पाहिजे, एवढीच मागणी आहे.

सगळ्यांत बोचरा आक्षेप मात्र तरुणांचाच आहे. पगार पुरत नाही, त्याचे काय? हिंजवडीत किंवा ठाण्यात खोली घ्यायची तर अनामत, भाडे, दलाली एकदम मोजावी लागते. पहिला पगार हातात येईपर्यंत महिना जातो. गावी वडिलांचे औषधपाणी असते. हे खर्च चैनीचे नाहीत. अशा वेळी कर्ज काढावे लागले तर त्यात लाज नाही, पण कर्ज काढायचेच तर ते कर्ज म्हणून काढावे, दर विचारून काढावे. पन्नास हजार रुपये वर्षभरासाठी १६ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण ४,५४० येतो आणि वर्षअखेर सुमारे साडेचार हजार व्याज देऊन माणूस मोकळा होतो. तेच पन्नास हजार कार्डावर किमान रकमेने ओढले तर काय होते ते वर पाहिले. कंपनीची कर्मचारी पतसंस्था असेल तर तिथे विचारावे, घरात थोडे सोने असेल तर सोनेतारण कर्जाचा दर पाहावा. एक दार मात्र ठोठावूच नये, ते म्हणजे अनोळखी कर्ज ॲपचे. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ मध्ये भारतीय वापरकर्त्यांसाठी उपलब्ध सुमारे १,१०० कर्ज ॲप मोजली, त्यांतली ६०० बेकायदा निघाली. फोनमधली संपर्कयादी किंवा कॉलची नोंद मागण्याची कर्ज ॲपला परवानगीच नाही. जे ॲप ती मागते, ते तिथल्या तिथे काढून टाकावे.

आणि जे आधीच अडकले आहेत, त्यांच्यासाठी. कार्ड वापरणे आजच थांबवा. बाकी असताना केलेली प्रत्येक नवी खरेदी पहिल्या दिवसापासून व्याज खाते. बँकेला फोन करून बाकी कमी दराच्या हप्त्यांत बदलून मागा, किंवा वैयक्तिक कर्ज घेऊन ती एकरकमी फेडा आणि त्या कर्जाचा हप्ता संपेपर्यंत कार्ड हातात घेऊ नका. ‘सेटलमेंट’ करून, म्हणजे बँकेशी तडजोड करून कमी रकमेत, सुटण्याआधी दहादा विचार करा, कारण ती नोंद पतअहवालात राहते. तो अहवाल वर्षातून एकदा प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून फुकट मिळतो, मागवून वाचा. वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करणे, नातेवाइकांना त्रास देणे, धमकावणे हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांविरुद्ध आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मुख्य म्हणजे घरी सांगा. मुले बोलत नाहीत ती बोलणी खावी लागतील या भीतीने, आणि ती गप्प असतात त्या प्रत्येक महिन्यात बाकीवर साडेचार टक्क्यांच्या घरात भर पडत असते. आईवडिलांना माझी विनंती आहे की मुलगा किंवा मुलगी असे काही सांगायला आली, तर पैसे कशावर उडवले हे नंतर विचारा. आधी व्याजाचा दर विचारा, आणि घरात मुदत ठेव असेल तर ती मोडून हे कर्ज फेडायला मदत करा. कुठलीही ठेव ४५ टक्के व्याज देत नाही.